समुद्राच्या वतीनं

आमच्या सगळ्या गणगोतात समुद्राशी रोजचा संबंध असलेलं माणूस एकच, माझी नणंद, आमच्या यांची थोरली बहीण. आणि सर्वांत जास्त रागावणारं माणूसही तीच. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे मला लग्नानंतर फार उशिरा कळलं. नागपूरपासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. आमच्या सक्करदऱ्यात पाणी म्हणजे तलाव, नळ आणि कूलरची टाकी. अशा गावातली, अग्निशमन दलात उभं आयुष्य काढलेल्या बापाची पोर रसायनशास्त्र शिकते काय, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संस्थेत लागते काय, आणि जहाजावर चढून भर समुद्रातली हवा नि पाणी गोळा करत फिरते काय! आमच्याकडे कुणी विचारलं, की सासूबाई 'पोरगी समुद्रात आहे' एवढंच सांगायच्या, आणि ऐकणारा एकदम गंभीर होऊन 'कधी झालं हे?' असं विचारायचा.

ताई सुट्टीला येते ती भर उन्हाळ्यात, जेव्हा शहाणी माणसं नागपुरातून पळून जातात. आली की चप्पल काढायच्या आधी पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवते, ते बोट माझ्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "हे काय आहे वं?" मी म्हणते, "धूळ." ती म्हणते, "धूळ असती तर मी कशाले बोलली असती?" फूलझाडू तिनं आमच्या घरातून हद्दपार केला. ओल्या फडक्यानं पुसायचं, पुसून झालं की हात साबणानं धुवायचे, मग पोळीला हात लावायचा. एकदा भिशीच्या बायकांसमोर तिनं माझ्या हातातला चिवडा काढून घेतला होता, कारण मी नुकताच टीव्ही पुसला होता. त्या बायकांना अजून वाटतं, की माझ्या सासरी माझ्या खाण्यावर नजर असते.

माझ्या माहेरहून आलेला सोफा तिनं पहिल्यांदा पाहिला तो दिवस मला चांगला आठवतो. वडिलांनी लग्नात हौसेनं दिलेला, जांभळ्या मखमलीचा, बसलं की माणूस आत जाईल असा. ताई त्याच्याभोवती फिरली, एका कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून पाहिलं, वास घेतला आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली. मी नवी सून. घाबरून विचारलं, "ताई, आवडला नाही का?" तर म्हणाली, "छान आहे. पण हा सोफा नुसता बसायचा नाही, हा उडून जाणारा आहे." मग तिनं मला सांगितलं, ते मी पुढं कित्येकदा ऐकलं. फोम म्हणजे पेट्रोलचाच नातेवाईक, भसकन पेटतो. टीव्हीचं, संगणकाचं प्लास्टिकही तसंच. ते पेटू नये म्हणून त्यात कारखान्यात औषध मिसळतात. पण हे औषध बऱ्याचदा नुसतं मिसळलेलं असतं, घट्ट बांधलेलं नसतं. "पेटीतल्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकतेस ना? वर्षभरानं कुठं जातात त्या? वितळतात? नाही. हवेत जातात. हे तसंच जाते, फक्त सावकाश, अन् जाताना घरच्या धुळीतही बसते. अन् आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर धावत जाते."

"कुठं?" मी विचारलं.

"समुद्रात," ती म्हणाली, आणि अशा रागानं माझ्याकडे पाहिलं, की वडिलांच्या सोफ्याबद्दल मला समुद्राची माफी मागावीशी वाटली.

एका वर्षी तिनं आमच्या गच्चीवर दोन स्टीलचे कटोरे एकावर एक पालथे-उताणे बांधून टांगले. मधे फोमची गोल चकती. ज्या फोमच्या नावानं ती वर्षभर बोटं मोडते त्याच फोमनं ती हवेतली औषधं पकडते, कारण ती औषधं त्यात आपणहून जाऊन बसतात. "चोराले चोराच्याच घरी पकडायचं," असं तिचं म्हणणं. गल्लीला मात्र हे म्हणणं कुणी सांगितलेलं नव्हतं. समोरच्या काकूंनी तीन दिवस आमच्याकडे पाहणं टाळलं आणि चौथ्या दिवशी यांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबासाहेबांच्या घरची माणसं तुम्ही, जयभीम करणारी, अन् गच्चीवर असलं करणीचं काय टांगून राहिले?" ताईला हे कळलं तेव्हा ती स्वतः काकूंच्या घरी गेली आणि तासाभरानं परत आली. काकूंनी त्याच आठवड्यात दिवाणखान्यातल्या फोमच्या उशा बाहेर काढल्या, कापसाच्या भरून घेतल्या. मात्र अजूनही त्या ताईला पाहिलं की पदर सावरतात.

जहाजावरच्या तिच्या भांडणांची गोष्ट तर तिच्याच तोंडून ऐकावी. एका सफरीत तिच्या नमुन्यांत भलतंच काही सापडायला लागलं. खुल्या समुद्रात, आसपास एक बेट नाही, आणि हवेत मात्र शहरातल्यासारखा माल. तिनं शोध घेत घेत त्याचा माग जहाजाच्या खोल्यांपर्यंत काढला. नव्या गाद्या! तिनं स्वतःच्या खोलीतली गादी उचलून कप्तानासमोर नेऊन टाकली आणि उरलेली सगळी सफर सतरंजीवर झोपली. नमुने घेण्याची जागा जहाजाच्या पार पुढच्या टोकाला, वाऱ्याच्या तोंडाशी हलवायला लावली. कप्तान म्हणे तिला नंतर दिसेल तिथं सलाम करायचा. "आदरानं नाही वं," ती सांगते, "पुढचा नंबर त्याच्या खुर्चीचा लागेल या भीतीनं."

पण एक माणूस असा होता, की ज्याच्यासमोर हिचा आवाज खाली यायचा. माझे सासरे. त्यांच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत चट्टा होता. शेवटच्या आजारपणात आम्ही त्यांना धंतोलीत छातीच्या डॉक्टरकडे न्यायचो. तिथल्या बाकांच्या गाद्या फाटून पिवळा फोम बाहेर आलेला. ताईनं तो पाहिला, आणि मला वाटलं, आता डॉक्टरचं काही खरं नाही. ती उठलीही होती. तेवढ्यात सासरे खोकत खोकत म्हणाले, "बस पोरी. मी जळत्या गाद्यांच्या दुकानातून माणसं काढली आहेत. काय काढलं ते मलेच माहीत. त्या औषधानं एक जरी माणूस बाहेर यायले वेळ भेटला, तर तो वेळ लहान नसते." ताई बसली. बराच वेळ ती त्यांच्या चट्ट्यावर हात ठेवून होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी आगीच्या बाजूनं नाही. पण आग अडवाची म्हणून साऱ्या दुनियेच्या पाण्यात हे कालवाचं, असं थोडी असते? दुसरा रस्ता शोधाले कोणी तयार नाही. एकावर बंदी आली की त्याचाच चुलतभाऊ नाव बदलून येते." सासरे हसले. "मग तू भांड," म्हणाले. मला वाटतं, त्या दिवसापासून तिचा राग हा नुसता स्वभाव राहिला नाही, वारसा झाला.

सासरे गेले. त्यांनी नागपूरला लागूनच्या वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या मागं, एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो या दोघा बहीणभावांच्या नावावर झाला. आमचे हे वाडीलाच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. त्यांनी तो एका भंगारवाल्याला भाड्यानं दिला. ताईचं म्हणणं, तू बघ, मला त्यातलं काही नको. आणि खरंच तिनं कधी विचारलं नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी आली तेव्हा मात्र म्हणाली, "चला, बाबांचा प्लॉट पाहू." हे काहीबाही कारणं सांगत राहिले. ऊन आहे, ट्रकांची गर्दी आहे, गाडीत पेट्रोल नाही. ताईनं ऑटो बोलावला आणि आम्हा दोघांनाही त्यात बसवलं.

ट्रकांच्या रांगांमधून आत वळलो तेव्हाच तिनं पदर नाकाला लावला. प्लॉटवर जुन्या टीव्हींची रिकामी खोकी, संगणकांची टरफलं, बसच्या सीटांचा फोम, यांचा डोंगर. मधे एक खड्डा, त्यात वायरींची गुंतवळ जळत होती, आणि आग धरून राहावी म्हणून वर फोम नि प्लास्टिक टाकणं चाललं होतं. वायरीतलं तांबं काढायची ही सोपी रीत. धूर नुसता काळा नव्हता, तेलकट होता. जिभेवर बसत होता. एक बाई तोंडाला ओढणी बांधून काठीनं ते हलवत होती, जणू चुलीवर वरण घोटतेय.

मी ताईला रागावलेलं हजारदा पाहिलं आहे. पण त्या दिवशी तिनं नाकावरचा पदर कमरेला खोचला. तिथं पडलेलं घमेलं उचललं, माती भरली आणि खड्ड्यात टाकली. पुन्हा भरली, पुन्हा टाकली. वाऱ्याकडं पाठ करून, कडेकडेनं, बापानं शिकवलं असेल तसं. साठीला आलेली बाई, घामानं निथळत, साडीच्या काठाला काजळी. भंगारवाला धावत आला. "ओ मॅडम, काय करून राहिल्या? कोण तुम्ही?"

"मालकीण," ताई म्हणाली.

तो यांच्याकडं वळला. "साहेब, तुमीच तर म्हटलं होतं, जाळा म्हणून. दुपारीच जाळा, शेजारचे झोपलेले असतात म्हणून."

आग विझली होती. ताईनं घमेलं खाली ठेवलं. "तुले माहीत होतं?"

"ताई, सगळेच जाळतात वं इथं."

"मी ते नाही विचारलं. तुले माहीत होतं का?"

"होतं."

"जे जळू नये म्हणून त्याच्यात घातलं," तिचा आवाज आता फाटला, "तेच जाळून राहिले! बाबांच्या जमिनीवर! अबे, जाळलं का ते मरते असं वाटते का तुले? त्याच्यापेक्षा वाईट काहीतरी होऊन वर जाते. मी सारी जिंदगी समुद्रात हे कुठून आलं म्हणून शोधून राहिली, अन् ते माझ्याच घरून जाऊन राहिलं!"

हेही चिडले. "तुझा समुद्र कुठं आहे इथं? दाखव मले! आमच्या पोरीची फी कशातून जाते ते तरी कधी विचारलं तू?" भांडणात माणसं खरं बोलतात आणि ते नेमकं चुकीच्या वेळी बोलतात. परत येताना दोघं ऑटोत माझ्या दोन्ही बाजूंना बसली होती, आणि मी एकदा तरी कुणीतरी शिवी द्यावी अशी प्रार्थना करत होते.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन प्रदूषणाची तक्रार घेणाऱ्या ऑफिसात गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्या भावाविरुद्ध. अन् माझ्याविरुद्ध. प्लॉट दोघांचा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. घरगुती भांडण असेल तर आपसात मिटवा, असं समजावून पाहिलं. ताईचं बोलणं समुद्रावर आलं तेव्हा तर ते हसलेच. "मॅडम, वाडीचा धूर समुद्रात कसा जाईल? मधे किती जिल्हे आहेत!"

बस. ताई उठली आणि त्यांच्या कूलरपाशी जाऊन उभी राहिली. "या टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत कुठं जाते?"

"हवेत."

"जाताना दिसते?"

"नाही."

"अन् टाकी धुता तेव्हा खाली गाळ येते तो कुठून? नळातून येते सारा?"

"हवेतूनच... धूळ बसत असेल."

"म्हणजे पाणी हवेले देते, हवा पाण्याले देते, अन् तुमाले दोन्ही दिसत नाही. समुद्र म्हणजे हेच, फक्त त्याले धुवाले कोणी नाही." मग ती तिथंच, लोकांच्या रांगेसमोर, सांगत सुटली. वाऱ्यावर गेलेलं हे औषध धुळीला चिकटून पडतं, पावसासोबत पडतं, नुसतं वायूच्या रूपातही पाण्यात शिरतं. हवेत जास्त आणि पाण्यात कमी असेल, तर ते पाण्यात जातं. थंड पाणी त्याला धरून ठेवतं. मग ते बारीक जिवांत, त्यांच्यातून माशांच्या चरबीत. "अन् उद्या सारे शहाणे झाले, धूर बंद झाला, हवा साफ झाली, तर काय होईल? पाण्यात जास्त राहील, अन् हवेत कमी. मग समुद्र ते परत वर सोडेल. आपण मेल्यावर. आपल्या नातवंडांच्या हवेत. तो काही ठेवून घेत नाही, साहेब. त्याच्याकडं गहाण पडते फक्त."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "लिहून घ्या गा साहेब बाईचं, कूलरची हवा तरी येऊ द्या इकडं." साहेबांनी लिहून घेतलं.

नोटीस आली. भंगारवाल्यानं चार दिवसांत सगळा डोंगर हलवला आणि हायवेच्या पलीकडं, दुसऱ्या कुणाच्या जमिनीवर मांडला. धूर तोच, फक्त आता तो आमचा नव्हता. घरात ताईनं वाटीत वरण मागितलं, की हे टीव्हीचा आवाज वाढवत. बोलणं साफ बंद. आणि ताईचा राग, जो आजवर माझ्यासाठी एक करमणूकही होता, तो आता पाहवत नव्हता. कारण त्याला जायला जागा उरली नव्हती. "एका जागची विझवली, दुसऱ्या जागी पेटली. मी काय केलं मग?" असं ती भिंतीला विचारायची.

अशात एका दुपारी खड्ड्यापाशी काठी घेऊन उभी असलेली ती बाई आमचं घर शोधत आली. ताराबाई नाव. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. पलीकडच्या जागेवर भंगारवाल्यानं दुसऱ्या बाया लावल्या होत्या. "तुमी विझवलं ते बरंच केलं बाई," ती म्हणाली, "रातभर खोकला राहे मले. पण आता मी काय करू ते सांगून द्या."

सगळ्या प्रश्नांना भांडून उत्तर देणारी माझी नणंद या वेळी नुसती उठली. मग आत गेली, चहा टाकला, स्वतः आणून दिला, आणि म्हणाली, "मले माहीत नाही वं. पण शोधू." आधी तिनं तिला धंतोलीला नेलं, छाती तपासून आणली. मग आठवडाभर ती गावात कुठं कुठं फिरली कुणास ठाऊक. परत आली ती वायरीची साल सोलायचं एक हातानं फिरवायचं यंत्र घेऊन. वायर एका बाजूनं घालायची, दांडा फिरवायचा, दुसऱ्या बाजूनं तांबं वेगळं, साल वेगळी. जाळायचं काही कारणच नाही. भंगारातल्या वायरी विकत आणून प्लॉटवर ताराबाई आणि तिची जाऊ बसल्या तर त्यांना काम मिळेल, असा हिशेब. पण प्लॉटवर सावली नाही, आणि दिवस मे महिन्याचे. ताई टिनाच्या शेडची चौकशी करायला निघाली, तर शेजारच्या गोदामातल्या माणसानं सांगितलं, "शेड तर उभं होऊन राहिलं ना मॅडम, तुमच्या भावानं माणसं लावली."

ती तशीच मला घेऊन गेली. हे तिथं उभे होते, टिनाचे पत्रे चढवून घेत. आम्हाला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ताई शेडभोवती एक चक्कर मारून आली. मग शेडकडं बघत, कुणालाच न उद्देशून, म्हणाली, "उतार दुसऱ्या बाजूनं पाहिजे होता." यांनीही कुणालाच न उद्देशून गड्याला सांगितलं, "उतार फिरव गा." एवढंच बोलणं झालं. ते बोलणं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेड चालू आहे. ताराबाईचा खोकला कमी आहे, गेला नाही. सोललेल्या वायरीच्या साली पोत्यांत भरून पडल्या आहेत, भंगारासोबत येणाऱ्या टीव्हीच्या खोक्यांचं काय करायचं त्याचं धड उत्तर अजून कुणी देत नाही, आणि हायवेच्या पलीकडं दुपारी धूर दिसतो. ताईनं तिथलीही तक्रार दिली आहे. सुट्टी संपवून जाताना ती मला बजावून गेली, "तू पाठपुरावा कर. चिडून कर. गोड बोलशील तर चहा पाजून परत पाठवतील." मी शाळेत मराठी शिकवते, मला नीट चिडता येत नाही. पण आता सराव होतो आहे.

यंदा ती दक्षिणेच्या थंड समुद्रात गेली आहे. निवृत्तीच्या आधीची बहुधा ही शेवटची सफर. जहाजावरून कधीतरी फोन लागतो, आवाज तुटत तुटत येतो. परवा लागला तेव्हा हे समोर पेपर वाचत होते. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. विचारलं, "कसा आहे समुद्र?"

"आज एकदम शांत आहे वं. काचेसारखा. पाहत राहावं असा." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् मी त्याच्यात काय काय आहे ते मोजून राहिली. इतक्या दूर, कोणीच नाही इथं. तरी आहे. थोडं थोडं, पण आहे." या वाक्याच्या शेवटी मी तिच्या संतापाची वाट पाहत होते. तो आला नाही. नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

पेपर खाली न करता हे मला म्हणाले, "विचार तिले, स्वेटर घातला का."

मी विचारायची गरज नव्हती. ते तिला ऐकू गेलं होतं. मग अगदी बारीक, कधीच न ऐकलेल्या आवाजात ती म्हणाली, "घातला म्हण त्याले."